सतराव्या पेटीतला दगड

१

सोमवारी सकाळी डॉक्टर ग्रासिएलानं सतरा नंबरची पेटी टेबलावर ठेवली, वरची कागदी पट्टी फाडली, झाकण उचललं आणि माझ्याकडे पाहिलं. आत एका माणसाची हाडं असायला हवी होती. आत एक दगड होता.

"लिबेराता," ती म्हणाली, "तुमच्या देशात हे असंच चालतं का?"

वैतागली की ती असं बोलते. ती अर्जेंटिनाची. खड्ड्यांतली माणसं मोजण्यात तिचं निम्मं आयुष्य गेलंय, म्हणून मी मनावर घेत नाही. "आमच्याकडे पुष्कळ गोष्टी अशाच चालतात," मी म्हटलं, "पण ही नाही."

नव्व्याण्णव साली आम्ही पूर्व तिमोरच्या लोकांनी स्वातंत्र्याला कौल दिला आणि त्याची शिक्षा म्हणून परक्या राजवटीच्या लष्करानं पोसलेल्या मिलिशियाच्या टोळ्यांनी गावंच्या गावं जाळली. माझी शाळाही जळली. तिथे मी वीस वर्षं गणित शिकवलं होतं. मग परदेशी लोक आले, राजधानीत युद्धगुन्ह्यांचं कोर्ट बसलं आणि मला तीन भाषा येतात म्हणून मला तपासनीस करून टाकलं. खोटं बोलणाऱ्यांना ओळखायचं शिक्षण मला चौथीच्या वर्गानं आधीच दिलेलं होतं.

सतराव्या पेटीतला माणूस क्रिस्पिन, रैमुतिन गावचा धर्मशिक्षक. आठ सप्टेंबरला, मेरीमातेच्या जन्मदिवशी पहाटे, तोंडं बांधलेल्या माणसांनी त्याला चर्चमधून उचललं. दोन वर्षांनी मिलिशियाच्या तळामागच्या खड्ड्यात एक सांगाडा सापडला, सोबत जपमाळ. तळाचा कमांडर मार्साल आता आमच्या कोठडीत होता आणि त्याचं एकच पालुपद होतं. "मी सहा तारखेलाच सीमेपलीकडे गेलो. आठ तारखेचं मला काय विचारता?" त्याला त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलेला एकही साक्षीदार नव्हता. त्याच्या तळामागची ती हाडं, एवढाच पुरावा.

वकीलसाहेब दगड पाहून खुर्चीत बसले. सरकारी वकील, कुठल्याशा थंड देशाचे, बोलतातही थंडच. "गुरुवारी सुनावणी आहे. तोवर हाडं नाही मिळाली तर क्रिस्पिनचं नाव आरोपपत्रातून काढावं लागेल. बाकीच्या अकरा खुनांवर खटला चालेल. त्याच्यावर नाही."

बाहेरच्या बाकावर त्याची बायको बसली होती. ओलांदिना. नखशिखांत काळे कपडे, तीन वर्षांपासून. आमच्यात दुःखाचं काळं वर्षभर घालतात, मग जेवण घालून ते उतरवतात. पण तिचं म्हणणं, माणूस हाती आल्याशिवाय मी उतरवणार नाही. सुनावणी झाली की हाडं तिला मिळणार होती. तिनं शवपेटीसुद्धा करून ठेवली होती.

तिला सांगायचं माझ्याच वाट्याला आलं. मी सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "मग आता ते कुठे आहेत, बाई?"

 वीस वर्षं फळ्यासमोर उभी राहिले, असा प्रश्न कोणी घातला नव्हता.

२

पेट्यांच्या खोलीत तीनच माणसं जायची. किल्ली सांभाळणारा नातालिनो. पेट्या उचलणारा गाडीचालक एउसेबियो. आणि दर शुक्रवारी फरशी पुसणारी झुल्मिरामावशी.

वकीलसाहेबांनी हिशोब तिथेच मिटवला. "एउसेबियो. त्याची बायको मार्सालची पुतणी आहे. आजच ताब्यात घ्या."

"संध्याकाळपर्यंत थांबा," मी म्हटलं. "तो कुठे पळत नाही. त्याला गाडी धुतल्याशिवाय कुठे जाववत नाही."

आधी नातालिनोला गाठलं. हा माणूस इतका नीटनेटका की त्याच्या टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीनं लावलेल्या. त्याच्या शर्टाला आईसाठी काळी फीत अजून टोचलेली होती, जेवण घालण्याएवढे पैसे साठले नव्हते म्हणून.

"ताई, किल्ली माझ्या गळ्यात असते. झोपताना पण. माझी बायको म्हणते, त्या किल्लीशीच लग्न करायचं होतं."

"शुक्रवारी मावशी पुसते तेव्हा तू कुठे असतोस?"

"दारात. स्टूल टाकून." त्यानं क्षणभर पेन्सिली सरळ केल्या. "सिगारेट ओढत. पण तिच्या हातात असतं काय? बादली नि फडकं. परवाच्या शुक्रवारी बादली जड झाली होती तर मीच उंबऱ्यावरून आत उचलून दिली. म्हातारं माणूस आहे."

"आणखी काही वेगळं?"

"मुंग्या," तो म्हणाला, आणि त्याचं तोंड कडू झालं. "दोन दिवस झाले. नेमक्या सतरा नंबरला. मी पावडर टाकली."

"तुझं कोण गेलं त्या वर्षी?"

"आई आणि दोन भाऊ. तिघांनाही मी माझ्या हातांनी पुरलं. मी नशीबवान."

आमच्याकडे नशीबवान या शब्दाचा अर्थ आता एवढाच उरला आहे.

मावशी मागच्या अंगणात फडकी वाळत घालत होती. पन्नाशी ओलांडलेली, पिवळ्या फुलांचा झगा, सुपारीनं लाल झालेलं तोंड. दोन वर्षं कामाला होती, पण कोणाच्या अध्यातमध्यात नाही.

"मावशी, गाव कुठलं तुमचं?"

"लोसपालोस. पार पूर्वेच्या टोकाला."

"लांब पडतं. मृतात्म्यांच्या दिवसाला गेला होतात ना? चार दिवस रजा होती तुमची."

"गेले होते. फुलं वाहायला. सगळेच जातात."

"कोणाला वाहिलीत?"

तिनं फडकं पुन्हा पिळलं. त्यात पाणी उरलं नव्हतं. "मुलाला. एकच होता. त्याच वर्षी गेला."

"सापडला?"

"नाही," ती म्हणाली. मग घाईघाईनं, "कोणाचा सापडतो, बाई?"

एउसेबियो गाडी धुतच होता. मला बघताच त्यानं पाण्याची नळी खाली टाकली. "आलात ना? मला ठाऊक होतं. मार्साल माझा चुलतसासरा. त्यानं माझ्या लग्नात एक डुक्कर दिलं होतं, ते मी खाल्लं, हा माझा गुन्हा."

"कोण म्हणालं तुला?"

"सगळे बघतात, ताई. पेटी उचलली तरी बघतात, खाली ठेवली तरी बघतात. मी सगळ्यांची कामं करतो. डॉक्टरच्या बुटांना तळ लावून आणले. झुल्मिरामावशीला रजेच्या दिवशी पार तासितोलूच्या बसथांब्यापर्यंत सोडलं, तिचं ते लांबुळकं गाठोडं मागं ठेव म्हटलं तर ठेवेना, तान्ह्या पोरासारखं मांडीवर घेऊन बसली. पेट्रोल माझं. आणि चोर कोण? मीच."

त्यानं नळी उचलली आणि धुतलेलंच चाक पुन्हा धुवायला घेतलं. मला त्याची कीव आली, पण कीव येणं म्हणजे निर्दोष ठरवणं नव्हे. मी परत टेबलाशी गेले आणि त्या दिवशी पहिल्यांदा दगडाकडे नीट पाहिलं. पाहिलं, आणि एउसेबियोला ताब्यात घ्यायचा कागद मी वकीलसाहेबांच्या हातातून काढून घेतला.

३

"चोराला वजन सारखं करायचं होतं, बस्स," वकीलसाहेब म्हणाले.

"मग हाडांपेक्षा निम्म्या वजनाचा का ठेवला? आणि हा नदीतला गोटा आहे. आपल्या आवारात समुद्राचे खडक पडलेत हवे तेवढे. एवढ्या लांबून कोण आणेल?"

दगड उघडा नव्हता. तो ताइशमध्ये, आमच्या हातमागाच्या कापडात, गुंडाळलेला होता. कापड कुजून विरलेलं, घड्यांत काळी माती. आत एक सुपारी, विड्याचं वाळकं पान आणि एक सिगारेट. नुसत्या फसवणुकीसाठी कोणी दगडाला सिगारेट देत नाही.

ग्रासिएला गोंधळली. मी तिला सांगितलं. ज्यांना माणूस मिळत नाही, त्यांतली काही घरं नदीवर जातात, एक दगड निवडतात, त्याला नावानं हाक मारतात, कापडात गुंडाळून पुरतात. त्या दिवसापासून तो दगड म्हणजे तो माणूस. मग वर्षानं काळं उतरवता येतं.

"म्हणजे हा पुरलेला दगड आहे?"

"पुरलेला आणि उकरलेला. दोन-तीन वर्षं जमिनीत होता. कोणीतरी थडगं उघडलं, दगड काढला आणि त्याच्या जागी तुझी हाडं ठेवली. मग प्रश्न पडला, दगडाचं काय करायचं? इतकी वर्षं जो पोटचा पोर होता, नाहीतर नवरा होता, त्याला टाकून कसा देणार? मार्सालच्या माणसानं आत वीट ठेवली असती, नाहीतर पेटी रिकामी सोडली असती. या माणसाला दगड रस्त्यावर टाकवला नाही. त्यानं तो जिथे हाडं सन्मानानं ठेवलेली होती तिथेच आणून ठेवला."

मी पट्टी उलटून पाहिली. मागं शिजलेल्या भाताचा लेप होता. मुंग्या त्यासाठी आल्या होत्या. नातालिनोच्या टेबलावर डिंकाच्या दोन बाटल्या आहेत, त्यानं भात कशाला चिकटवला असता?

वकीलसाहेबांनी पट्टी हातात घेऊन पाहिली. "मग हे त्याच्या बायकोचं काम. हाडं तिचीच होती."

मी ओलांदिनाला आत बोलावलं आणि ताइश तिच्यापुढे ठेवलं. तिनं ते बोटांनी चाचपलं, किनार उजेडाकडे धरली.

"ही किनार आमच्या गावची आहे. रैमुतिनची. दुसरीकडे अशी विणत नाहीत." तिनं कापड खाली ठेवलं. "पण माझं नाही. आणि बाई, मी दगड पुरला असता तर हे काळं अंगावर ठेवलं असतं का?"

खरं होतं. गणितासारखं साधं उत्तर होतं. ज्यानं दगड पुरला, त्यानं काळं उतरवलेलं असणार. शिवाय तो रैमुतिनचा असणार. आणि कचेरीत रैमुतिनचं कोणीच नव्हतं.

निदान कागदावर तरी नव्हतं.

४

मंगळवारी सकाळी मी आणि ओलांदिना तासितोलूच्या थांब्यावर उभ्या होतो. रैमुतिनची स्मशानभूमी बघायची, ताजं उकरलेलं थडगं शोधायचं, एवढाच बेत. पश्चिमेकडच्या सगळ्या बस तिथून सुटतात. एक म्हातारा कोंबडा काखेत मारून आला आणि वाहकाला विचारू लागला, बाउकाउची गाडी कुठली.

"आजोबा, बाउकाउ पूर्वेला," वाहक हसला. "पूर्वेच्या गाड्या बेकोराहून. शहराच्या दुसऱ्या टोकाला. कोंबड्याला विचारलं असतंत तर त्यानं सांगितलं असतं."

सगळे हसले. मी नाही हसले. मला एउसेबियोचं रडगाणं आठवलं. लोसपालोसला जाणारी बाई तासितोलूला कशाला उतरली? लोसपालोस तर बाउकाउच्याही पलीकडे.

पिवळ्या फुलांचा झगा. मुलगा सापडला नाही, तरी काळं नाही. मांडीवर लांबुळकं गाठोडं. मी रस्ताभर ओलांदिनाला काही बोलले नाही. नाव चुकीचं निघालं तर एका म्हातारीचा जीव जाईल आणि बरोबर निघालं तरीही जाईल, असं वाटत होतं.

रैमुतिनची स्मशानभूमी टेकाडावर आहे, भोवती दगडी कुंपण. आत एकही थडगं उकरलेलं नव्हतं. मी सुटकेचा श्वास सोडला, तेवढ्यात ओलांदिना कुंपणाच्या बाहेर बघत उभी राहिली. बाहेर, बाभळीखाली, एकटं थडगं होतं. माती नवी. वर वाळलेली फुलं, आणि लाकडी क्रूसावर नाव, बोनिफासियो.

"हे कोण?"

"झुल्मिराचा पोरगा." ती कुंपणाशीच थांबली. "मिलिशियात होता. काळा शर्ट घालून याच रस्त्यानं फिरायचा. ती दगड पुरायला आली तेव्हा आम्ही तिला कुंपणाच्या आत येऊ दिलं नाही. झऱ्यावर पाणी भरू दिलं नाही. मीच उभी राहिले होते झऱ्यावर, बादली आडवी धरून. मग ती गाव सोडून गेली."

"ओलांदिना, ती आमच्याकडे फरशी पुसते."

ती थडग्यापाशी बसली. मला वाटलं आता ही माती उकरणार. पुन्हा काय बोलायचं याची मी जुळवाजुळव करत होते, तेव्हा ती म्हणाली, "त्याचा डावा हात मोडलेला होता, लहानपणी. सुपारीच्या झाडावरून पडला होता. सगळ्या गावाला माहीत आहे."

 सतराव्या पेटीच्या कागदावर ग्रासिएलानं लिहिलं होतं, डावा हात कोपराखाली मोडून वाकडा सांधलेला.

"आणि क्रिस्पिनचा?"

"त्यांचा हात कधीच मोडला नव्हता," ओलांदिना म्हणाली.

५

दोष माझा होता. ते आधी सांगून टाकते.

वर्षभरापूर्वी ग्रासिएलानं मला विचारायला सांगितलं होतं, नवऱ्याला कधी काही दुखापत झाली होती का. मी ओलांदिनाला विचारलं, क्रिस्पिनचा डावा हात मोडला होता का. उत्तर मीच तिच्या हातात ठेवलं. चौथीच्या मुलांना मी असा प्रश्न कधी घातला नसता. पण त्या दिवशी मलाही तिला रिकाम्या हातानं पाठवायचं नव्हतं.

"आठ घरांना पेट्या मिळाल्या होत्या, बाई," ती परतीच्या बसमध्ये म्हणाली. "मी नाही म्हटलं असतं तर तुम्ही त्यांना परत नंबर लावून फळीवर ठेवलं असतं. कोणीतरी हवा होता मला. जपमाळ होती ना त्यात? त्यांनी तशा माळा गावातल्या प्रत्येक पोराला दिल्या होत्या. तेही मला माहीत होतं."

रक्ताचं नातं तपासायला परदेशी पाठवलेले नमुने अजून परत आले नव्हते. येतीलच याची खात्रीही नव्हती. दोन बायकांनी एका हाडावर हक्क सांगितला होता, आणि त्यातली एक खरं बोलली होती, तीही चोरून.

बुधवारी दुपारी मी, ओलांदिना आणि ग्रासिएला झुल्मिरामावशीच्या खोलीवर गेलो. तिनं ओलांदिनाला दारात पाहिलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं. तिनं काही नाकारलं नाही.

"टेबलावर मांडला होता," ती म्हणाली. "मी फरशी पुसत होते. वर पाहिलं तर तो हात. मी बांधला होता तो, बांबूच्या कामट्या लावून. वाकडा बसला म्हणून त्याचा बाप मला जन्मभर बोलला. आईला आपलं काम ओळखू येणार नाही का?"

"तेव्हाच का नाही सांगितलंत, मावशी?"

"काय सांगू? हा मिलिशियावाला माझा आहे म्हणून? कागदावर ते क्रिस्पिनगुरुजी होते. मान होता. सगळे टोपी काढायचे त्या पेटीपुढे. मी सांगितलं असतं तर त्याला बाहेर फेकला असता." ती थांबली. "सात शुक्रवार लागले. बादलीत, फडक्याखाली. डोकं शेवटी नेलं. नातालिनो चांगला पोरगा आहे, त्याला काही करू नका."

ग्रासिएलानं खिडकीकडे तोंड फिरवलं. मी विचारायचं ते विचारलं, कारण कोणीतरी विचारायलाच हवं होतं. "बोनिफासियो त्या तळावर होता, तर त्याच खड्ड्यात कसा?"

मावशीनं पहिल्यांदा ओलांदिनाकडे सरळ पाहिलं. "जूनमध्ये त्याला ओढून नेलं. शर्ट दिला. आठवड्यानं तो पळून घरी आला, परत नेला. असं तीनदा. शेवटी आठ तारखेला सकाळी मार्साल स्वतः आला दारात. मेरीमातेचा सण, मी गोड भात केला होता. तो आत येऊन बसला, कॉफी मागितली, साखर कमी आहे म्हणाला. बाहेर ट्रक उभा होता. ट्रकमध्ये गुरुजी होते, हात बांधलेले."

ओलांदिनानं भिंतीला हात टेकला.

"मार्साल माझ्या पोराला म्हणाला, चल, आज तुझ्या गुरुजींना तू मारायचंस, म्हणजे परत पळणार नाहीस. हा म्हणाला, मला यांनी वाचायला शिकवलं, मी नाही मारणार. माझ्यासमोर म्हणाला. शर्ट काढून त्याच्या पायाशी टाकला. मग त्यालाही ट्रकमध्ये घातलं. गुरुजी त्याला म्हणाले, ये, माझ्या शेजारी बस. एवढंच मी ऐकलं. ट्रक नदीकडे गेला. तळावरच्या एका पोरानं नंतर सांगितलं, गुरुजींना नदीत टाकलं, याला तळावर परत नेलं."

 मी मनात तारखा मांडत होते. जुनी खोड. आठ तारीख, सण, मार्साल स्वतः, ट्रकमध्ये क्रिस्पिन. तीन वर्षं आम्ही ज्याला शोधत होतो तो साक्षीदार दर शुक्रवारी आमच्या पायाखालची फरशी पुसत होता.

"मावशी, हे कोर्टात सांगाल?"

"नाही." तिनं मान हलवली. "मग तुम्ही त्याला परत काढाल. टेबलावर मांडाल. नंबर द्याल. आणि गावातले हसतील, म्हणतील म्हातारी पोराला संत करायला निघालीय. मी चोरी केली, मला तुरुंगात घाला, मी नाही म्हणत नाही. पण त्याला हात लावायचा नाही."

"मला त्याला काढायची गरज नाही," ग्रासिएला खिडकीतूनच म्हणाली. मी भाषांतर केलं. "माझ्याकडे प्रत्येक हाडाचं माप आहे, फोटो आहेत. आज मी कागदावर सही करते की हाडं आईच्या ताब्यात दिली. वकीलसाहेब ओरडतील. त्यांना ओरडू दे."

मावशी तरी हलेना. ती ओलांदिनाकडे बघत होती, आणि मला कळलं की ही गोष्ट कागदानं सुटणार नाही.

ओलांदिना पुढे आली. तिच्या नवऱ्याची हाडं नदीनं नेली होती, हे तिला आत्ता कळलं होतं.  ती मावशीसमोर जमिनीवर बसली.

"झऱ्यावर मी उभी होते," ती म्हणाली. "तुम्हाला आठवत असेल."

"आठवतं."

"तुम्ही नाही बोललात तर उद्या त्यांचं नाव यादीतून जाईल. ते तर गेलेच, नावही जाईल. मी तुमच्याकडे मागायला आलेय. माझं तोंड नाही मागायचं, तरी आलेय." मग तिनं मान वर केली. "मावशी, ते एकटे नव्हते एवढं तरी मला तुम्हीच सांगितलंत."

मावशीनं कितीतरी वेळ सुपारी चघळली. मग उठली, कोपऱ्यातल्या घड्यातून पेलाभर पाणी काढलं आणि ओलांदिनाच्या हातात दिलं.

"पी आधी," ती म्हणाली. "उद्या किती वाजता आहे ते?"

६

वकीलसाहेब ओरडले. पुरावा चोरणारी बाईच साक्षीदार, मार्सालचा वकील तिला फाडून खाईल, वगैरे. मी म्हटलं, खाऊ दे, कठीण जाईल. रात्रीत त्यांनी आरोपपत्र सुधारलं, हे त्यांचं मी कौतुकानं सांगते.

मार्सालच्या वकिलानं प्रयत्न केला. तुम्ही हाडं चोरलीत ना? चोरली. तुमचा मुलगा मिलिशियात होता ना? होता. मग तुमच्यावर का विश्वास ठेवायचा? मावशी म्हणाली, "माझ्यावर नका ठेवू. त्याला विचारा, माझ्या कॉफीत साखर किती होती." न्यायाधीशांनी मार्सालकडे पाहिलं. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यानं सहा तारखेचं पालुपद लावलं नाही.

साक्ष संपल्यावर कारकुनानं सुधारलेली यादी वाचायला घेतली. या कोर्टात एक पद्धत पडून गेली होती. कोणी सांगितली नव्हती. मेलेल्याचं नाव वाचलं की त्याच्या घरचं माणूस उभं राहायचं, पुढचं नाव येईपर्यंत उभं राहायचं आणि मग बसायचं. रैमुतिनचे तीस-चाळीस जण आले होते. अकरा नावं झाली. माणसं उठली, बसली.

"क्रिस्पिन, धर्मशिक्षक, रैमुतिन."

ओलांदिना उभी राहिली. काळ्या कपड्यांत, हात सरळ सोडून.

"बोनिफासियो, वय अठरा, रैमुतिन."

मागच्या बाकांवरून कुजबुज उठली. कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, हा कोण आमच्या यादीत? मावशी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बसून होती. तिनं कठड्याला धरून उठायचा प्रयत्न केला, पण तिला उठवेना, आणि मी इतक्या लांब होते की मला पोचता येईना.

ओलांदिनानं मागं वळून पाहिलं नाही. ती खाली बसली नाही.

कारकून पुढच्या कागदाकडे गेला, मग थांबला, कारण ती अजून उभी होती.

"वाचा," न्यायाधीश म्हणाले. "त्या बसतील तेव्हा बसतील."